ओखावाल्या भाऊंचा पट्टेवाला

दुसऱ्या लग्नाचा विषय कुणी काढला, की ओखावाले भाऊ माशाची गोष्ट सुरू करायचे. नळावरच्या शांताबेननी "भाई, बीजां लगन करी लो ने!" म्हटलं, तरी तीच, भुसावळहून येणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्काने म्हटलं, तरी तीच. विचारणारा कंटाळून उठेपर्यंत मासा काही संपत नसे.

साठ सालानंतरच्या दिवसांतली ही गोष्ट. मी नुकती लग्न होऊन धुळ्याहून सुरतेला आले होते. लिंबायतजवळच्या आमच्या रेल्वेच्या चाळीत भाऊ शेजारी राहायला आले, ते पाच-सहा वर्षांच्या मंदाला कडेवर घेऊनच. रुळांचे सांधे बदलायचं त्यांचं काम. आधी ते सौराष्ट्राच्या टोकाला, ओखा बंदरावर होते. मंदा तान्ही असताना त्यांची बायको तिथेच तापाने गेली. ड्युटी संपली की पोरीला खांद्यावर टाकून ते ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन बसायचे.

"मासा केवढासा, तर माझ्या तळव्याएवढा," ते मला सांगायचे. "पाठ पिवळीधमक, पोट चंदेरी आणि अंगावर पाच काळे उभे पट्टे. मी त्याला पट्टेवालाच म्हणायचो. साहेबाच्या दारावर बसतो ना, तसाच."

प्रवाळांच्या कपारींत, ओहोटीला साचलेल्या नितळ पाण्यात हे मासे कळपाने हिंडत. मादी खडकाला अंडी चिकटवून निघून जाई. नर तिथेच थांबे. त्याचा पिवळा रंग जाऊन अंग निळसर होई. परांनी तो अंड्यांवर पाण्याचा वारा घालत राही, खराब झालेलं अंडं तोंडाने वेचून काढी आणि कुणी जवळ आलं की अंगावर धावे.

"माझ्या अंगठ्याला चावला, वहिनी! केवढा तो जीव आणि केवढा मी!" हे सांगताना त्यांना हसू आवरत नसे.

मंदाला गोष्ट तोंडपाठ होती, तरी ती "पछी? पछी?" करत पुढचं वदवून घ्यायची. गुजराती शाळेत घातल्यापासून तिची जीभ तशी वळली होती.

"मग पिल्लं बाहेर येतात आणि लाटांबरोबर खोल पाण्यात निघून जातात."

"आणि त्यांचे बाबा?"

"बाबा तिथंच," भाऊ म्हणायचे.

एकदा आक्का हट्टालाच पेटली. "पोर माझ्याकडे दे. पुरुषमाणसाला जमायचं काम आहे का हे?" भाऊ एरवी तिच्यापुढे मान वर करत नसत. त्या दिवशी ताट सारून म्हणाले, "आक्का, पुन्हा हे बोलायचं असेल तर या घरी येऊ नकोस."

पुढे काही वर्षांनी त्यांनीच तिला बोलावून घेतलं. खोकला त्यांनी फार दिवस अंगावर काढला होता. डॉक्टरांनी क्षय सांगितला. त्याच दिवशी त्यांनी मंदाचं ताट वेगळं केलं, रात्रपाळी लागल्याचं सांगून तिला आमच्याकडे झोपायला पाठवलं. मला म्हणाले, "वहिनी, तिला कळू देऊ नका. कळलं तर ती मला सोडून जायची नाही."

सुरत स्टेशनवर आक्काने मंदाला डब्यात बसवलं. ती खिडकीतून हात काढून हाका मारत होती, "बाबा, इकडे या ना!" भाऊ तोंडाला रुमाल लावून लांब पाण्याच्या नळापाशी उभे. गाडी हलली तरी पुढे आले नाहीत. शेवटचा डबा गेल्यावर मात्र मटकन खाली बसले. आमच्या ह्यांनी धरून त्यांना घरी आणलं.

औषधं झाली, इस्पितळ झालं. त्या उन्हाळ्यातच ते गेले.

मंदा आक्काबरोबर आली तेव्हा घरात बुद्धवंदना चालली होती. ती रडली नाही. माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "काकी, बाबा माझ्यावर रागावले होते का? स्टेशनवर त्यांनी मला जवळसुद्धा घेतलं नाही."

तिला अजून कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी तिला बाहेर ओट्यावर नेलं आणि सगळं सांगितलं. आजार, वेगळं ताट, खोटी रात्रपाळी, तोंडावरचा रुमाल. ऐकता ऐकता तिने माझा हात घट्ट धरला आणि मग असा हंबरडा फोडला, की आतली माणसं बाहेर आली.

"काय सांगितलंत तिला?" आक्का माझ्यावर ओरडली.

मी काही बोलण्याआधी मंदाच हुंदके देत तिला म्हणाली, "आत्या, बाबा रागावले नव्हते."