काकांनी दादाचं सिम बंद केलं

मंडळी, आज लई डोकं फिरलंय.

माझ्या दादाला जाऊन दीड महिना झाला. त्याच्या फोनचं लॉक कुणालाच माहीत नाय, म्हणून आज वहिनीला घेऊन गुलमंडीतल्या मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, फोटो त्यांच्या अकाउंटवर असतील, पण ओटीपी त्यांच्याच नंबरवर येणार. सिम चालू आहे ना?"

वहिनी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. तेरावं झाल्या झाल्या काकांनी सिम बंद करायला लावलं होतं. "गेलेल्या माणसाच्या नंबरवरून फोन आला तर पोरं दचकतील," म्हणे!

गावाकडच्या, पिशोरच्या जमिनीला दादाच्या जागी नाव कुणाचं लावायचं, यावर तेव्हा दोन तास बैठक झाली. सिम बंद करताना वहिनीला एका शब्दानं कुणी विचारलं नाय. मीसुद्धा नाय. दादानं त्याच्या लेकीच्या वाढदिवसाला म्हटलेलं गाणं त्या फोनात अडकलंय.

घरी आल्यावर काकांनाच विचारलं, "तुमच्या फोनचा पासवर्ड काकूला माहितीय का?"

"तिन्हीसांजेला अभद्र बोलू नको!"

अभद्र व्हय? मग तुम्हीच सांगा, तुमच्या घरी हे अभद्र कधी बोलणार? माणूस असताना, का तेराव्यानंतर?