सगळ्यांसाठी एकच फोल्डर

जयनगरच्या बाजारात कागद छापून देणारे एक गृहस्थ आहेत. बेंगळूरात कित्येक पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले. ‘स्वल्प थांबा’ म्हटल्याशिवाय ते काम सुरू करत नाहीत आणि टेबलावर तीनदा ठोकून कडा जुळवल्याशिवाय कागद हातात देत नाहीत. कागदाबाबत इतका काटेकोर माणूस फायलींबाबत मात्र कमालीचा सैल आहे. सर्व गिऱ्हाइकांसाठी त्यांनी क्लाउडवर एकच फोल्डर उघडला आहे. त्याची लिंक भिंतीवर चिकटवलेली असते, आणि आपली फाइल टाकणाऱ्याला इतरांच्याही फायली दिसतात.

छपाई झाल्यावर फाइल काढून टाकावी, हे मी त्यांना अनेकदा समजावले.

“पुन्हा लागली तर, सर? तुम्हीच धावत याल!”

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडून माझे मृत्युपत्र छापून घेतले. घर मुलीच्या नावे केल्याचे मुलाला अजून ठाऊक नव्हते. मीच त्याला समोर बसवून सांगणार होतो. काल दुकानात गेलो, तर पडद्यावर तेच मृत्युपत्र उघडलेले होते आणि हे गृहस्थ एका अनोळखी बाईंना अभिमानाने सांगत होते, “अक्का, नमुना हवा तर हा घ्या. आमच्या सरांनी लिहिलंय, एक चूक सापडणार नाही.”

माझा आवाज चढला. त्यांनी घाईघाईने फाइल पुसली. “सरी, सरी, बरं सर. गेली बघा.”

“असू द्या, मी उतरवून घेतलंय,” बाई मोबाइलवरून नजर न काढता म्हणाल्या. “पण सर, मुलाचं काय चुकलं हो?”