नव्या कराची आवई आणि मामीची काडतुसं

सरकार काडतुसांवर नवा कर लावणार, ही बातमी संध्याकाळी फुटली आणि सकाळी दहाला बंदुकीच्या दुकानाबाहेरची रांग कोपऱ्यावरून वळली होती. माझी मामी तीत अकरावी, सोबत मी. अंगावर बसचालकाचा गणवेश, खांद्याला रायफलची पेटी.

मामी एकोणीस वर्षं शहरात बस चालवते. चाळिशीनंतर तिनं नेमबाजी धरली आणि आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदाच राज्य संघाच्या निवड चाचणीला पोचली होती. चाचणी रविवारी होती. आणि नेमकी तिची काडतुसं संपली होती.

"मिळेल ते घेऊन टाक," मामानं फोनवर बजावलं. "अकराला अर्थमंत्री बोलायला उभे राहतील, मग बोंबला!"

"मिळेल ते घ्यायला ही कोथिंबीर आहे का?" मामीनं फोन ठेवला.

दुकानात एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या काडतुसांचे चार लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेल्या चार खेपा होत्या. मामी दुकानदाराला म्हणाली, "प्रत्येकातली पाच-पाच झाडून बघते. तोवर चारही लॉटची एकेक पेटी बाजूला ठेवा."

"आज?" दुकानदाराचा चेहरा पडला. "बाई, लोक माझ्या उरावर बसलेत. साडेअकरापर्यंत ठेवतो. पुढं मी बांधील नाही."

मागे दाताचे डॉक्टर उभे होते. तेही रविवारच्या चाचणीचेच उमेदवार. पहिल्या लॉटच्या सहा पेट्या त्यांनी आधीच उचलल्या होत्या. "बाई, बस चुकेल हं तुमची!"

"बस मीच चालवते, डॉक्टर. मी चढल्याशिवाय हलत नाही ती."

अख्खी रांग हसली. मी मात्र सारखा घड्याळ बघत होतो. मी यंत्र अभियंता. "मामी, यंत्र तेच, दारू तेवढीच. कशाला वेळ घालवतेस?"

"इंजिनिअरसाहेब, तेच रायफलला विचारू या."

दुकानाच्या तळघरात नेम तपासायला पन्नास मीटरचा बोगदा होता. मामी पालथी झोपली, कानावर आवाज अडवणारे मफ चढवले. पहिला लॉट. लक्ष्याचा कागद जवळ ओढला तर भोकं कांजिण्यांसारखी विखुरलेली! दुसऱ्याची तऱ्हा जरा बरी. तिसरा परत वाईट. वर रेडिओवर भाषण सुरू झालं होतं. माझ्या घड्याळात अकरा सव्वीस. मी तिच्या खांद्याला हात लावणार होतो, पण तिचा श्वास थांबलेला पाहून हात मागे घेतला.

चौथा लॉट. पाच गोळ्या, आणि कागदावर एकच भोक, जेमतेम नखाएवढं.

मी जिने दोन-दोन करत सुटलो. दुकानदार चौथ्या लॉटची पेटी कुणाच्या तरी पिशवीत घालतच होता.

"थांबा! ती आमची!"

"अकरा एकोणतीस झालेत," तो घड्याळ बघत म्हणाला आणि पेटी माझ्या हातात आली.

मामी मागून कागद घेऊन आली. डॉक्टरांनी पहिल्या लॉटचा कागद पाहिला, मग स्वतःच्या सहा पेट्या. "माझ्या रायफलला चालेलही कदाचित," ते पुटपुटले.

"चालेल की! पण तिला एकदा विचारून घ्या," मामी म्हणाली. डॉक्टर एक पेटी घेऊन जिना उतरले.

भाषण संपलं. काडतुसांवरच्या कराचा प्रस्ताव एका समितीकडं गेला होता; आज तरी कर लागला नव्हता. रांगेत कुणी कपाळ बडवलं, कुणी सुटकेचा श्वास टाकला. मामीनं ते ऐकलंही नाही. ती पेटीवरचा लॉट नंबर वहीत उतरवत होती.

रविवारी आठ जण निवडायचे होते. मामी सातवी आली!