"शिवराज, त्याला सांग!"

आमच्या मुखेडला टपरीवर मी एक किस्सा काढला की चहा संपेपर्यंत त्याचे चार होतात. मित्र तर टपूनच बसलेले असतात. कारण सगळ्या किश्शांत इज्जत माझीच जाते!

आधी भानगड सांगतो. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. पेटी उचलली, घरी आलो. त्या दिवसापासून बाबांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. चार महिने! बाबा तहसीलमधून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. अबोलासुद्धा सरकारी. जे काही सांगायचं ते प्रॉपर चॅनेलनं. घरात चॅनेल म्हणजे आई.

ह्या पिढीचा मला इथंच राग येतो. शिव्या द्यायच्या तर तोंडावर द्या ना!

त्यात ऐन दुष्काळात बाबांना आणि शिवराजअप्पांना पाठीवर बॅगा टाकून किनवटच्या जंगलात पायी हिंडायची हुक्की आली. अप्पा म्हणजे बाबांचे कॉलेजपासूनचे दोस्त, चाकूरचे किराणा दुकानदार. दोघंही पासष्टीच्या पुढचे. आई मला म्हणाली, "नुसता बसून राहिलास, तर जा. दोघांच्या गोळ्या सांभाळ."

मी गेलो. मनात ठरवलं होतं: चार दिवसांत म्हातारा बोलला तर ठीक, नाहीतर तिथूनच हैदराबादची गाडी धरायची. परत यायचंच नाही.

*

पहिल्या दिवशी दुपारीच मला घेरी आली. गोळ्या सांभाळणारा मी पळसाखाली आडवा, आणि बी.पी.वाले अप्पा माझी बॅग त्यांच्या बॅगेवर चढवून उभे! सरपण घेऊन चाललेली एक बाई थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "पोराला काय झालंय, मालक? दवाखान्यात नेऊन राहिले का?"

अप्पा म्हणाले, "काई न्हाई झालं बाई. जवान हाय."

*

जंगलात आई नव्हती, म्हणून चॅनेल अप्पांकडं आलं. रांगेत पुढं अप्पा, मग मी, मागं बाबा. मागून शांत आवाज आला, "शिवराज, त्याला सांग, उजव्या पायाजवळ साप हाय."

अप्पा सावकाश वळले, चष्मा वर केला आणि मला म्हणाले, "तुझे बाबा म्हणून राहिले की..."

तोवर मी अप्पांच्या पुढं गेलो होतो! चार दिवसांत मी एकदाच पुढं होतो, ते तेव्हा.

*

एका वाटेवर फॉरेस्ट गार्डनं अडवलं. "कोणत्या जिल्ह्याचे?"

अप्पा सुरू झाले, "जन्मलो तवा उस्मानाबाद. मग लातूर नवा जिल्हा झाला, लातूरचा झालो. उद्या अजून नवा काढला, तर तिथला. मी मातर गल्ल्यावरून हललो न्हाई!"

गार्ड म्हणाला, "मग आताच कामून हललात?"

*

तिसऱ्या दिवशी पोचलो सहस्रकुंडाला. धबधबा बघायला! नुसते काळे दगड. खाली डबक्यात दोन म्हशी.

माझं डोकं फिरलं. "तुम्हा लोकांनी ऊस लावून लावून सगळं पाणी पिऊन टाकलं! आमच्यासाठी दगड ठेवले!"

बाबा म्हणाले, "शिवराज, त्याला सांग, आपल्याकडं एक गुंठाबी ऊस नव्हता."

अप्पा दगडावर बसले आणि बाबांना म्हणाले, "किसन, हे मी सांगत न्हाई. माझा चार एकर होता."

*

चौथ्या दिवशी सकाळी अप्पा पाण्याची बाटली घेऊन झुडपांमागं गेले. मी आणि बाबा दोघंच राहिलो. मधे एक साग, दुष्काळानं निष्पर्ण. दुपारी एस.टी. धरून किनवट गाठायचं होतं, आणि मी मोबाइलवर हैदराबादच्या गाडीची वेळ बघून ठेवली होती.

बाबा दोनदा खाकरले. झुडपांकडं पाहिलं. अप्पा यायचं नाव नाही. मग ते सागाकडं वळून म्हणाले, "सागवाना, त्याला सांग, मोबाइलमधी गाडी बघून राहिला, ते मला दिसलंय."

मीही झाडालाच म्हणालो, "त्यांना सांग, दिसलं तर दिसलं!"

"त्याला सांग, त्याची माय रडंल."

"त्यांना सांग, माय तरी रडंल!"

बाबांनी झाडाच्या शेंड्याकडं पाहिलं. मग त्यांनी सागाकडं पाठ फिरवली आणि सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "कॉलेज कामून सोडलंस?"

चार महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं! माझ्याकडं भाषण तयार होतं. शिक्षणव्यवस्था, बेकारी, तुमची पिढी, सगळं मुद्देसूद. रोज अंघोळ करताना पाठ केलेलं. तोंड उघडलं, आणि त्यातला एक शब्द आठवला तर शपथ!

मी म्हणालो, "बाबा, मेसचं जेवण लई बेकार होतं."

बाबा ओरडले, "मग सांगायचं न्हाई का गाढवा! डबा पाठवला असता!"