ठोंबरेभाऊंची लेबलं

ठोंबरेभाऊंच्या घरातून आमच्याकडे लेबल नसलेली वस्तू कधी येत नसे. मूठभर कोथिंबीर मागितली तरी पिशवीवर चिठ्ठी असायची : 'कोथिंबीर. परसातली. सकाळी ७.१०. धुतलेली नाही.' माझीच बरणी परत करताना तिच्यावर 'बरणी. सुनंदाची. रिकामी.' असं लिहून देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. रिकामी आहे हे मला दिसत होतं. तसं म्हटलं तर भाऊ म्हणाले, "तुला दिसतं गं. उद्या मी मेल्यावर कोन सांगनार, भरून दिली होती का रिकामी?"

खोपोलीच्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं प्रयोगशाळेत होते. आलेल्या मालाचा नमुना घ्यायचा, तपासायचा, लेबल लावायचं, खाली सही करायची. निवृत्तीला त्यांना शाल आणि घड्याळ मिळालं. भाऊंनी स्टोअरमधून जुन्या कोऱ्या लेबलांचे गठ्ठे मागून आणले आणि घड्याळ जावयाला देऊन टाकलं. "लेबल नसंल तर तो माल नाय, घोटाळा हाय," हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही.

कुंभिवलीला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी खालापूरला तहसील कचेरीसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. दिवसभर लोकांच्या अडचणी टाइप करून घरी यावं, पाठ टेकावी, तर भिंतीपलीकडून गुडगुड ऐकू यायची. भाऊंची जांभळाची वाइन. माळ्यावर प्लास्टिकचे चार कॅन, प्रत्येकाच्या झाकणातून रबरी नळी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत आणि त्यातून बुडबुडे. वहिनी म्हणायच्या, "पेन्शनीत गेल्यावर लोकांची मानसं देवळात जाऊन बसतात. आमचं हे कॅनला कान लावून बसतंय."

या वेडाला साथीदारही मिळाले. कशेळ्याहून पवार मास्तर यायचे, ते करवंदाची करत. कर्जतहून डिमेलो बाई यायच्या. त्या शाळेत शिकवत होत्या आणि घरी आल्याची वाइन करत. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तिघं भाऊंच्या पडवीत बसत. विकणं नाही, घेणं नाही. एकमेकांना एकेक बाटली द्यायची, घोटभर चाखायची, मधे कुरमुरे खाऊन तोंड साफ करायचं आणि मग भाऊंचं ऐकून घ्यायचं.

"मास्तर, ही करवंदाची नाय. करवंदीच्या काट्यांची हाय."

"अरं भाऊ, तुझी जांभळाची पिऊन माझी जीभ दोन दिवस निळी होती. बायको डॉक्टरकडं न्यायला निघाली!"

"मंग रंग पक्का हाय असं लिवतो," म्हणून भाऊ खरंच लिहून घेत. कारण लेबलावर फळ, तारीख आणि दारूचं प्रमाण एवढ्यावर त्यांचं भागत नसे. खाली 'चाखणारे' असा मथळा आणि त्यापुढे नावं. एकदा मी साखर मागायला गेले तर त्यांनी बाटली माझ्या नाकाखाली धरली. दुसऱ्या दिवशी त्या साऱ्या घाण्याच्या लेबलांवर माझं नाव : 'सुनंदा (फक्त वास. नाक मुरडलं.)'

"माझं नाव काढा, भाऊ."

"वास घेनं पन तपासनीच हाय. काढता येनार नाय."

हे असं चाललं होतं तोवर ठीक होतं. मग डिमेलो बाईंच्या शाळेत कोणी तरी बोललं की घरी वाइन करणं हा गुन्हा आहे. बाईंनी ते रविवारी सांगितलं. सोमवारी भाऊ माझ्या दुकानात. उताऱ्यांच्या झेरॉक्ससाठी रांग होती, त्या रांगेत उभे राहून नंबर आल्यावर मोठ्याने विचारतात, "सुनंदा, मी गुन्हेगार हाय का गं?"

रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. मी त्यांना आत घेतलं आणि सरळ सांगितलं. आपल्याकडे दारूबंदीचा कायदा आहे. प्यायचा परवाना मिळतो, विकायचा मिळतो, कारखाना काढायचाही मिळतो. माळ्यावर जांभळं आंबवून मित्राला बाटली द्यायचा परवाना मात्र कोणी देत नाही. फुकट दिली तरी नाही.

"मंग आता?"

"आता बंद करा. नसेल बंद करायची तर गप्प बसा आणि निदान लेबलं तरी काढा."

भाऊ माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी त्यांना धोतर सोडायला सांगितलं होतं. "लेबल काढल्यावर ती चोरीची झाली ना गं! सरकारला इचारू. इचारल्याबिगर नाय म्हनतंय हे कशावरनं?"

त्यांना अर्जच हवा होता. दोन दिवस ते काउंटरसमोरच्या स्टुलावरून हलले नाहीत, तेव्हा सुटका म्हणून मी टाइप करून दिला. पण टाइप केला तो माझ्या अकलेने. 'छंद म्हणून फळांचा रस आंबवून मित्रांस विनामूल्य देऊ इच्छितो, तरी मार्गदर्शन व्हावे.' मी मुद्दाम 'इच्छितो' लिहिलं. इच्छेवर कोणी खटला भरत नाही. उत्तर नाही असंच येणार, भाऊ महिनाभर कुरकुरणार आणि विषय संपणार, असा माझा हिशेब.

चार दिवसांनी दुकानात फोन. अर्जाच्या तळाशी माझ्या दुकानाचं नाव आणि नंबर असतो, त्यावर.

"मॅडम, हा ठोंबऱ्यांचा अर्ज तुमच्याकडे टाइप झालाय का? सोबत बाटली आहे."

माझ्या सुंदर टाइप केलेल्या अर्जाखाली भाऊंनी पेनाने लिहिलं होतं : 'नमुना सोबत जोडला आहे.' आणि जांभळाच्या वाइनची भरलेली बाटली, सुतळीने बांधून, दारूबंदीवाल्यांच्या आवक टेबलावर स्वतः नेऊन ठेवली होती. लेबलासकट. म्हणजे ११.४ टक्के, बनवणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, सही आणि खाली चाखणारे : पवार मास्तर, कशेळे. डिमेलो बाई, कर्जत. सुनंदा, फक्त वास.

"नमुन्याबिगर ते तपासनार काय, सुनंदा?" भाऊ मलाच समजावत होते.

मी कळवल्यावर मास्तरांनी फोनवर एवढंच म्हटलं, "अरं, चोर पन आपल्या जोडीदारांची नावं लिवून ठेवत नाय!" डिमेलो बाई रडल्या. त्यांच्या नोकरीची तीन वर्षं राहिली होती. शाळेला कळलं असतं तर पुढचं बोलायलाच नको. त्या दिवसापासून दोघांचं येणं बंद झालं.

कार्यालयातून बोलावणं आल्यावर मी भाऊंबरोबर गेले, कारण एकटे पाठवले असते तर दारूचं प्रमाण मोजायचा हायड्रोमीटरसुद्धा सोबत नेला असता. वाटेत रिक्षात पढवलं. "व्हिनेगर होतं म्हणा. लोणच्यासाठी केलं, बिघडलं." भाऊ हो म्हणाले. शिळफाट्यापर्यंत तीन वेळा हो म्हणाले.

साहेब तरुण होते, बोलायला नीट होते. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "काका, हे काय आहे?"

"जांभळाची वाइन."

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"ही म्हनते व्हिनेगर सांगा. पन व्हिनेगर झालं असतं तर मी ओतून दिलं असतं, साहेब. अकरा पॉइंट चार हाय. तपासा."

मी डोळे मिटून घेतले. साहेबांनीही कपाळ चोळलं. म्हणाले, अर्जाला आवक नंबर पडलाय, आता मला गुन्हा नोंदवावाच लागेल. मग त्यांनी बाटली फिरवली आणि लेबलाच्या तळावर बोट ठेवलं. "हे चाखणारे कोण? आणि ही सुनंदा कोण?"

सुनंदा समोरच्या खुर्चीत बसली होती. हा माणूस आता खरं सांगणार, पत्त्यांसकट सांगणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

भाऊ बराच वेळ लेबलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लेबल चुकीचं हाय, साहेब."

"अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. चुकीचं लिवलं."

"का?"

"एकटाच बसून पितो, हे लेबलावर बरं दिसत नाय. म्हनून नावं घातली. तसं कोन येत नाय माझ्याकडं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं आणि ते जसंच्या तसं जबाबात लिहून घेतलं. भाऊंनी खाली सही केली. एरवी त्यांची सही ठसठशीत यायची. त्या दिवशी ओळ सोडून खाली घसरली.

गुन्हा त्यांच्या एकट्याच्या नावावर लागला. माळ्यावरचे कॅन जप्त करायला दोन शिपाई आले, तेव्हा भाऊ त्यांना सांगत होते, "हळू रं, तळाचा गाळ हलवू नका." कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला, दंड भरला, येताना खालापुरात वडापाव खाल्ला.

"मास्तरांना आणि बाईंना मी सांगते," मी म्हटलं. "ते तुमच्यावर उगाच रागावलेत."

"सांगू नको."

"का? वाचवलंत त्यांना!"

"लेबल खोटं पाडून वाचवलं. ते काय सांगत फिरायचं?" मग म्हणाले, "शपथ हाय तुला."

असल्या शपथा मी मानत नाही. पण ही मोडवेना आणि त्याचा मला स्वतःचाच राग यायचा. त्यानंतर त्या घरातून आलेल्या वस्तूंवर लेबलं नसत. कोथिंबीर नुसती कोथिंबीर म्हणून यायची. रविवारी सकाळी भाऊ पडवीत पेपर वाचत बसत आणि फाटक वाजलं की मान वर करत. बहुधा दूधवाला असे.

दोन वर्षांनी भाऊ गेले. सकाळी अंघोळीला पाणी काढलं आणि खाली बसले ते बसलेच. तेराव्याला मास्तर आणि डिमेलो बाई आले. लोकाचार म्हणून आले होते, पडवीत जरा अंतर ठेवून बसले. मास्तर म्हणाले, "मानूस चांगला, पन आमाला पुरता अडकवून बसला होता. नशीब म्हनून सुटलो."

मी पाण्याचे पेले वाटत होते. तांब्या खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. बाटली, साहेब, जबाब, शपथ. ज्याने घातली होती तो माणूस गेला, शपथ संपली.

मास्तरांनी विचारलं, "म्हंजे भाऊ खोटं बोलले? आमच्यासाठी?"

"लेबल चुकीचं आहे म्हणाले."

मास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराने पुसत बसले. वहिनींनी सरबत करायला कोकमाच्या आगळाची बाटली बाहेर आणून ठेवली. भाऊंनीच भरलेली. डिमेलो बाईंनी ती उचलली, हळूच फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिली, तळ पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "त्या दिवसानंतर नाहीच."