पाकोळ्यांना कळवायचं राहिलं

एका लाँचमध्ये कुठल्या दिवशी बसायचं, हे ठरवायला मला सव्वा वर्ष लागलं. लग्न दोन दिवसांत ठरलं होतं आणि तेही दुसऱ्यांनीच ठरवलं होतं. माणसानं एखाद्या बाबतीत तरी चोखंदळ असावं, म्हणून मी लाँच निवडली असावी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही चिंचवडला दोन खोल्यांत राहत होतो. नवरा भोसरीच्या एका कारखान्यात प्लॅनिंग खात्यात होता. कुठला भाग कुठल्या मशीनवर कधी चढायचा, हे तो कागदावर आखायचा आणि मशीनवरची माणसं त्यांना जमेल तेव्हा तो चढवायची. संध्याकाळी दोन्ही पक्ष समाधानानं घरी जात. मी सव्वीस वर्षांची होते, मॅट्रिक होते, आणि या दोन्ही गोष्टींचं मला भलतंच कौतुक होतं.

सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. त्यांच्या वडिलांची होडी होती. किनाऱ्यापासून बऱ्याच आत समुद्रात खडकाळ बेटं आहेत, त्यांतल्या एकात गुहा आहे आणि त्या गुहेत पाकोळ्या घरटी करतात. वडील दरवर्षी तिघा मुलांना होडीत घालून ती गुहा दाखवायला न्यायचे. मुलीला कधी नेलं नाही. मुलीनं होडीत पाय ठेवला तर मासळी लागत नाही म्हणे. भाऊ परत येऊन सांगायचे, लाखांनी पाखरं आहेत, आभाळ दिसत नाही. सासूबाई किनाऱ्यावर ऐकत बसायच्या. पुढे लग्न करून घाटावर आल्या आणि ऐकायचंही संपलं.

एका पावसाळ्यात त्या तांदळातल्या खड्यांऐवजी तांदूळच निवडून टाकायला लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, पण कच्चा आहे. पिकल्याशिवाय काढता येत नाही. वर्ष-दीड वर्ष थांबा. आणि वय पाहता ऑपरेशननंतर किती दिसेल, ते आत्ता सांगत नाही.

त्याच थंडीत वेंगुर्ल्याहून सासूबाईंच्या भाच्याचं कार्ड आलं. त्यानं इंजिनाची लाँच घेतली होती. आत्याला घेऊन या, दोन दिवस लाँचवरच ठेवतो, सगळी बेटं दाखवतो, तारीख तेवढी कळवा, असं त्यात होतं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "हे पिकायच्या आत एकदा बघून यावं म्हणते."

एवढं मागणं त्यांनी माझ्या समोर त्याआधी कधी मागितलं नव्हतं. चहासुद्धा मागायच्या नाहीत, नुसत्या स्टोव्हकडे बघायच्या. तेव्हा ही जबाबदारी मी स्वतःकडे घेतली. इथंच सगळं बिघडलं.

नवऱ्याच्या खात्यात भिंतभर तक्ते असत. मीही तक्ता करायचा ठरवला. त्यानं कारखान्यातून एक रद्द झालेलं ड्रॉइंग आणून दिलं, त्याच्या पाठीवर. कागदाला अमोनियाचा वास होता, त्यामुळे काम फार शास्त्रीय चाललंय असं वाटायचं. बारा महिन्यांचे बारा रकाने. खाली ओळी: नवऱ्याची रजा, मुलीची शाळा, सासूबाईंचे उपास, माझी माहेरची लग्नं, पाऊस, समुद्र. जमत नाही तो दिवस निळ्या पेन्सिलीनं रंगवायचा, अजिबात जमत नाही तो लाल.

मार्च मी पहिल्याच संध्याकाळी लाल करून टाकला, एक ते एकतीस. प्लॅनिंगवाल्याला मार्चमध्ये रजा मागणं म्हणजे नवरदेवानं अक्षता पडताना चप्पल शोधायला जाणं. फेब्रुवारी मार्चच्या तयारीत गेला. एप्रिलमध्ये मुलीची परीक्षा, ती बालवाडीची. उरलेल्या दिवसांत एकादश्या होत्या. कारण उपासाच्या दिवशी लाँचवर साबुदाणा कोण भिजवणार, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेजारच्या बाई लातूरकडच्या. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांची मतं ठाम होती. त्यांनी पुनवेला जायचं नाही असं बजावलं आणि अवसेलाही. मी दोन्ही रंगवले.

भाच्याला मी पत्रं लिहायचे. लाँचवर पाणी उकळलेलं मिळेल का, कठडा किती उंच आहे, संडासाची सोय काय, इंजिन बंद पडलं तर दुसरं आहे का. एका पत्रात अकरा प्रश्न होते, मीच त्यांना आकडे घातले होते. त्याचं उत्तर यायचं, "होय. या."

शेवटी मे महिना निघाला. नवऱ्याची रजा बावीस तारखेपासून मंजूर झाली. मी कळवलं, तर पहिल्यांदाच त्याचं लांब उत्तर आलं: वीस तारखेला होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी झाकतो, आता नारळी पौर्णिमेनंतर. समुद्राच्या ओळीत मी पावसाळा सात जूनला सुरू केला होता. शाळेत तसंच शिकवलं होतं.

पावसाळा गेला. दिवाळीच्या सुट्टीत मुलीला गोवर आला. डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी मारली आणि डावा डोळा आता पिकत आलाय म्हणाले, जणू आंब्याची अढीच बघत होते. सासूबाई भिंतीला हात लावत मोरीकडे जायला लागल्या. मी तक्ता पुन्हा उतरवला आणि मला डिसेंबरचा शेवट सापडला. माल मोजण्यासाठी कारखाना आठवडाभर बंद, मुलीला नाताळची सुट्टी, एकादशी नाही, पुनव नाही, समुद्र शांत. अख्ख्या तक्त्यात पांढरे स्वच्छ पाच दिवस. मी नवऱ्याला बोलावून ते दाखवले. तो म्हणाला, आमच्या खात्यात असा तक्ता कुणाला जमला नाही. मी ते वाक्य पुढे बरेच महिने वापरलं.

एसटीनं आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला पोचलो. सगळ्यांना मी आलेपाक वाटला आणि स्वतः घेतला नाही. मला काय होणार? समुद्र खरोखर तेलासारखा सपाट होता. त्या सपाट समुद्रावर मी बंदर दिसेनासं व्हायच्या आत दोनदा ओकले. कठडा पुरेसा उंच नव्हता. ते बरंच झालं.

बेटं दिसली. दीपगृह दिसलं. एक समुद्रगरुड खडकावर बसला होता, तो नवऱ्यानं सासूबाईंना बोट करून दाखवला आणि त्यांनी बोटच नीट पाहिलं. मग लाँच बाहेर उभी करून भाच्यानं आम्हाला छोट्या होडीनं गुहेच्या तोंडाशी नेलं.

आत पाणी डुचमळत होतं. बाकी काही नाही. बऱ्याच वेळानं चार-पाच पाकोळ्या आल्या आणि घर चुकल्यासारख्या निघून गेल्या.

मी भाच्याला विचारलं, पाखरं कुठं आहेत.

"पाकोळ्ये शिमग्याक येतत, वहिनी," तो म्हणाला. "आत्येक म्हायत आसा."

सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. त्या पदर सारखा करत होत्या. मी म्हटलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"लहानपणापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तक्त्यात एवढं सगळं लिहिलं होतंस," त्या म्हणाल्या, "मला वाटलं पाखरांनाही कळवलं असशील."

होडीत कुणी हसलं नाही. नवरा समुद्राकडे तोंड करून बसला, त्याचे खांदे तेवढे हलत होते.

वर्षभरात मी परगावच्या माणसाला कठड्याची उंची विचारली, समुद्र न पाहिलेल्या बाईला समुद्र विचारला, पण घरात शेंगा सोलत बसलेल्या, त्याच किनाऱ्यावर वाढलेल्या बाईला एकदाही काही विचारलं नाही. ज्याच्यासाठी जायचं त्यालाच विचारणं आमच्याकडे बरं दिसत नसे. आणि तक्त्यात पाखरांची ओळच नव्हती.

परतताना सासूबाई माझ्याजवळ सरकल्या. म्हणाल्या, "शिमगा म्हटलं असतं तर तो तुझ्या लाल रंगात. तू पुन्हा नवा कागद आणला असतास. मला तेवढा वेळ नाही गं. म्हटलं, निदान होडीत तरी बसून घेऊ."

त्या होडीत बसल्या होत्या, खऱ्याच. मासळीचं काय झालं कुणास ठाऊक.

घरी आल्यावर मी तक्ता काढला नाही, तसाच भिंतीवर ठेवला, कारण मागे पोपडे होते. शिमग्याच्या आधी आठ दिवस नवऱ्याला सांगितलं, आई आणि मी जातोय. तो म्हणाला, मार्च आहे, मला जमणार नाही. मी म्हटलं, तुला कुणी बोलावलंय? मुलीला लातूरच्या बाईंकडे सोडलं. त्यांनी निघताना आठवण करून दिली की होळीला पुनव असते.

यावेळी आलेपाक मी एकटीनं खाल्ला. दुपारी वारा उठतो म्हणून भाच्यानं उजाडताच लाँच काढली. तरी गुहेकडे जाताना छोटी होडी हलत होती, आणि सासूबाईंनी एका हातानं काठ धरला होता, दुसऱ्यानं मला. खरं म्हणजे मीच त्यांना धरलं होतं. डावा डोळा आता दुधासारखा झाला होता. उजव्यानं उजेड आणि सावली एवढं कळायचं.

गुहेच्या अलीकडेच आवाज यायला लागला. किलबिल नव्हे, बारीक किटकिट, शंभर जणी एकदम सुपारी कातरताहेत असा. मग त्या बाहेर आल्या, काळ्या, एवढ्याशा, आमच्या डोक्यावरून, एकीमागे एक, आणि येतच राहिल्या. मी मान वर करून बघत होते आणि तोंड उघडं ठेवलं होतं. पाखरांखाली ते ठेवू नये.

सासूबाईंनी चेहरा वर केला होता. गुहेचं तोंड अंधाराचं, बाहेर सकाळचं आभाळ. त्या उजेडावरून काळं सरकत होतं, तेवढं त्यांना नक्की दिसत होतं, कारण उजवा डोळा पाखरांमागून फिरत होता. मी त्यांना वर्णन करून सांगायला लागले तर त्यांनी माझा हात दाबला. मी गप्प बसले. हे मला त्या वेळी जमलं, याची नोंद व्हावी.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "लाखांनी कुठं आहेत?"

भाचा म्हणाला, हजारभर असतील.

"आभाळ दिसतंय की सगळं," त्या म्हणाल्या. "भावांचं चाळीस वर्षं खरं धरून बसले."

ऑपरेशन श्रावणात झालं. डावा डोळा काही परत आला नाही, उजव्याला जाड चष्मा लागला आणि त्यातून त्यांना तांदळातले खडे दिसायला लागले. तक्ताही दिसला. तो त्यांनी ओळीनं वाचला, माझ्या समोर, संपूर्ण.

पण त्याआधी, वेंगुर्ल्याहून आल्या आल्याच, त्यांनी मला एक कार्ड लिहायला बसवलं. तिघा भावांतला एकच उरला होता, थोरला, परळला मुलाकडे. मजकूर त्यांनी सांगितला: "पाकोळ्या बघून आले. तुम्ही सांगत होता तेवढ्या नाहीत."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. थरथरत्या अक्षरात एकच ओळ: "तेव्हा होत्या."

मला ते वाचून गलबलून आलं. सव्वीस-सत्तावीसच्या वयात मला लगेच गलबलून यायचं. काळ, पाखरं, माणसं, असं बरंच काही मनात आलं, त्यातलं थोडं मी बोलूनही दाखवलं.

सासूबाईंनी मला ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मग हात पुढे करून कार्ड घेतलं, दुमडलं आणि डगमगणाऱ्या स्टोव्हच्या पायाखाली सारलं.

"थापाड्या," त्या म्हणाल्या.