तराजूबाईंचा काटा

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना हॉस्पिटलात सगळे तराजूबाई म्हणत, तेही जवळजवळ तोंडावर. झालं काय, की सिझेरियन उरकत आलं की मोठे डॉक्टर टाके घालता घालता "गेलं असेल अर्धा लिटर" म्हणून मोकळे व्हायचे, आणि बाईंचं डोकं फिरायचं. बाळंतीण धट्टीकट्टी असो की काटकुळी, रक्त आपलं कायम अर्धा लिटर! अहो, दूधवालासुद्धा माप वापरतो. पोरी पांढऱ्याफटक होऊन घरी जायच्या आणि इथे सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे.

शेवटी बाईंनी थिएटरात एक काटा आणून ठेवला. रक्त टिपायची जाड फडकी, ज्यांना तिथे मॉप म्हणतात, ती भिजली की तोलायची आणि कोरड्याचं वजन वजा करायचं. उरलं ते रक्त. एवढी सरळ गोष्ट, पण कुणी मनावर घेईल तर शपथ. सिस्टर म्हणायच्या, मी बाळाकडे बघू की तुमच्या बाजाराकडे? मग बाई स्वतःच हातमोजे चढवून तोलत बसायच्या.

एकदा काट्याने भलताच आकडा दाखवला. बाईंनी नातेवाइकांना रक्तपेढीकडे पिटाळलं, सगळं थिएटर डोक्यावर घेतलं. आणि बाळंतीण बघावी तर मजेत, चहा कधी मिळेल म्हणून विचारतेय. मग कळलं, हॉस्पिटलच्या शिंप्याला झिजलेले मॉप टाकवेनात, म्हणून त्याने दोन-दोन एकावर एक ठेवून शिवले होते. कोरडेच दुप्पट जड! बाई तरातरा शिवणखोलीत गेल्या आणि म्हाताऱ्याला नको नको ते बोलल्या. तो बिचारा म्हणाला, सगळे उसवतो, पुन्हा असं होणार नाही. इकडे थिएटरात मात्र हसू थांबेना. मोठे डॉक्टर मॉप चिमटीत धरून विचारायचे, बाई, हा कितीला दिला? बाई दात-ओठ खाऊन पुढचा मॉप काट्यावर टाकायच्या.

अशात एक पहिलटकरीण आली. कळा देऊन देऊन थकलेली, शेवटी सिझेरियनच करावं लागलं. बाळ रडलं तसं तिने पडद्याअलीकडून विचारलं, कुणासारखं दिसतंय हो? बाई हसल्या आणि सवयीने मॉप काट्यावर टाकले. काटा पुन्हा भलतीकडेच गेला.

बाईंना धास्ती वाटली, पण ती त्या पोरीच्या जिवाची नव्हती. आता परत सगळे हसणार, याची होती. मनातल्या मनात त्यांनी शिंप्याला शिव्या घातल्या, मेल्याने पुन्हा जोडलेच! सिस्टरने आकडा विचारला.

"काही नाही, तीच जोडमॉपची भानगड," बाई म्हणाल्या.

मोठे डॉक्टर टाके घालत राहिले. नाडी वाढत चालली होती, ती बाईंना दिसतही होती. थकलीय, घाबरलीय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. एक मॉप उलटून शिवण बघायला कितीसा वेळ लागतो? तेवढंही त्यांनी केलं नाही. पोरगी "गरगरतंय" म्हणाली आणि रक्तदाब धाडकन उतरला, तेव्हा पळापळ झाली. गर्भाशय आवळतच नव्हतं. औषधं झाली, रक्त यायला उशीर झाला, आणि जीव वाचवायला शेवटी पूर्ण भूल देऊन गर्भपिशवीच काढावी लागली.

मॉप सगळे एकेरी होते. शिंप्याने शब्द पाळला होता.

हात धुताना मोठे डॉक्टर शेजारी येऊन उभे राहिले. या वेळी थट्टा नव्हती, माणूस मनापासून बोलत होता. "बाई, मानलं तुम्हाला. तुमचा काटा खरा निघाला. उद्यापासून प्रत्येक वेळी तोलायचं."

हे ऐकायला बाईंचे कान किती वर्षं आसुसले होते. आणि आता ऐकताना त्यांना स्वतःचाच इतका संताप आला की नळ बंद करायचं सुचेना.

"काट्याने वेळेवर सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मीच त्याला खोटं पाडलं."

पोरीच्या नवऱ्याने मघाशी सही दिली होती. तिला स्वतःला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. ती शुद्धीवर आली होती आणि बाळ मागत होती. बाई तिला सांगायला निघाल्या.